खंडोबाच्या दारचा कुत्रा

धाराशिव जिल्ह्याच्या तुळजापूर तालुक्यांत, सोलापुराहून हैदराबादेस जाणाऱ्या हमरस्त्यावर अणदूर नांवाचें गांव आहे. तेथील खंडोबाची रीत मोठी मौजेची आहे. देव एक आणि राहण्याचीं ठिकाणें दोन! वर्षांतील सुमारें दहा महिने देवाचा मुक्काम अणदुरास असतो. उरलेले दिवस तो जवळच्याच नळदुर्गास, भक्तांच्या भाषेंत मैलारपुरास, जाऊन राहतो आणि पौषी पौर्णिमेची मोठी यात्रा तेथें भरते. असा हा फिरता देव. फिरत्या माणसांचा म्हणूनच तो फिरता असावा. धनगर, शिकारी, शिलेदार, व्यापारी अशा एका जागीं न बसणाऱ्या लोकांनीं त्यास आपलें दैवत मानलें, आणि असल्या लोकांबरोबर जो प्राणी हटकून असावयाचा, तो त्यांनीं देवाबरोबरहि ठेविला. खंडोबाचा कोणताहि पितळी टांक बारकाईनें पाहावा. देव घोड्यावर असतो, मागें म्हाळसा असते, आणि घोड्याच्या पायांशीं एक कुत्रा धांवत असतो.

आपल्या देवमंडळांत कुत्र्यास मानाची जागा फारशी कोठें नाहीं. भैरवाचें तें वाहन आहे, दत्तात्रेयाच्या पायांशीं चार कुत्रे आहेत, आणि खंडोबा हा मार्तंडभैरवच असल्यामुळें त्याच्यापाशीं एक आहे. दत्ताच्या पायांशीं उभे असलेले ते चार वेद होत असें सांगून आमच्या विद्वानांनीं आपली सोय करून घेतली आहे. तोच प्राणी वेदरूपानें नव्हे तर स्वरूपानें ओटीवर आला म्हणजे काठी शोधावी लागते. खंडोबाच्या भक्तांनीं मात्र ही पळवाट काढली नाहीं. त्यांच्यांतील वाघ्या हा स्वतःच देवाचा कुत्रा होतो. हातांतील कोटंब्यांत वाढलेलें अन्न भुंकत, गुरगुरत खावयाचें, असा त्याचा जुना आचार आहे. कर्नाटकांतील मैलाराचे गोरवहि काळी घोंगडी पांघरून हेंच करतात. देवाच्या दारीं माणसानें कुत्रा व्हावें ही कल्पना सुशिक्षितांस ओंगळ वाटते. परंतु कुत्रा म्हणजे काय हें ज्यांस रोजच्या व्यवहारांत कळलें होतें, त्यांस तींत ओंगळ कांहीं दिसलें नाहीं. धन्याचें दार न सोडणारा एवढाच त्यांनीं तिचा अर्थ केला.

ह्या भावनेचें वय केवढें आहे तें एका दगडावरून कळतें. कर्नाटकांत मंड्या जिल्ह्यांत आतकूर येथें सांपडलेला एक शिलालेख सध्यां बंगळूरच्या संग्रहालयांत आहे. त्याचा काळ शके ८७२, म्हणजे इ. स. ९४९-५०. त्या वेळीं अणदूरचा हा मुलूख राष्ट्रकूटांचा होता. तिसरा कृष्ण हा राजा होता आणि त्याची राजधानी मान्यखेट येथून कांहीं फार दूर नव्हे. कृष्णानें तक्कोलम येथें चोळांचा पराभव केला, त्या लढाईंत त्याचा गंगवंशीय मांडलिक बूतुग ह्याच्या पदरीं मणलेर नांवाचा एक वीर होता. त्याच्या शौर्यावर खूष होऊन बूतुगानें 'माग काय तें' म्हटलें. मणलेरानें गांव मागितलें नाहीं, हत्ती मागितला नाहीं; राजाचा 'काळि' नांवाचा शिकारी कुत्रा मागितला. पुढें ह्या कुत्र्याची एका मोठ्या रानडुकराशीं झुंज झाली आणि दोघेहि एकमेकांस मारून मेले. मणलेरानें देवळासमोर त्या झुंजीचें चित्र कोरलेला वीरगळ उभा केला, त्याच्या पूजेसाठीं जमीन लावून दिली, आणि त्या शिळेची पूजा न करतां जेवणाऱ्या गोरवास पाप लागेल असेंहि लिहवून ठेविलें. माणसांच्या वीरगळांनीं दख्खन भरलेलें आहे. कुत्र्यासाठीं एवढी व्यवस्था करणारा हा धनी विरळाच म्हणावा लागेल. आणि त्या व्यवस्थेंत पुजारी म्हणून गोरवच असावा, हेंहि लक्षांत ठेवण्याजोगें आहे.

आतां नाण्याची दुसरी बाजू पाहूं. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायांत चांडाळ व श्वपच ह्यांनीं गांवाबाहेर राहावें आणि कुत्रीं व गाढवें हेंच त्यांचें धन असावें, असें सांगितलें आहे. म्हणजे जो तिरस्कार कुत्र्याच्या वांट्यास आला तो त्याचें पालन करणाऱ्या माणसांच्याहि वांट्यास आला. किंबहुना तो एकच तिरस्कार होता. परिणाम असा झाला कीं, ज्या घरांत लिहिणें-वाचणें होतें त्या घरांत कुत्र्याचें ज्ञान नव्हतें, आणि ज्यांस तें ज्ञान होतें त्यांचें कोणी लिहून घेतलें नाहीं. गृहस्थधर्मानें श्राद्धाच्या पंचबलींत कुत्र्यासाठीं एक घांस काढून ठेवण्यास सांगितलें खरें, पण तो घांस दाराबाहेर टाकावयाचा. आजहि आमच्या गांवांतील बहुतेक कुत्रे ह्याच स्थितींत आहेत. त्यांस भाकर मिळते, नांव मिळतें, क्वचित् मायाहि मिळते. धनी मात्र मिळत नाहीं.

ह्या नियमास एक सुंदर अपवाद आहे, आणि तो अणदूरच्या शेजारचाच आहे. पूर्वेकडे उमरग्याच्या पलीकडे कल्याण, आजचें बसवकल्याण, ही चालुक्यांची राजधानी. तेथें बाराव्या शतकाच्या पूर्वार्धांत राज्य करणाऱ्या तिसऱ्या सोमेश्वरानें 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यांतील मराठी पद्यखंडांमुळें तो आमच्या वाङ्मयेतिहासांत नेहमीं उल्लेखिला जातो. परंतु त्याच ग्रंथाच्या विनोदविषयक भागांत 'सारमेयविनोद' नांवाचा एक अध्याय आहे, ह्याकडे वाङ्मयाच्या अभ्यासकांचें लक्ष फारसें गेलें नाहीं. गजविनोद, अश्वविनोद ह्यांच्या पंक्तीस कुत्र्यांचाहि विनोद राजानें बसविला आणि निरनिराळ्या देशांतील कुत्र्यांचे गुण सांगितले. कुत्रा ही पारखून निवडण्याची व शिकविण्याची वस्तु आहे, हें एका राजानें संस्कृतांत लिहून ठेवण्याइतकें महत्त्वाचें मानलें, एवढें तरी त्यावरून निश्चित होतें.

'सारमेय' ह्या शब्दांतच एक गोष्ट दडलेली आहे. सरमा ही देवांची कुत्री. तिचीं पिलें तीं सारमेय. महाभारताच्या आदिपर्वांत आरंभींच ही गोष्ट येते. जनमेजयाच्या सत्रांत सरमेचें पिलूं आलें, आणि त्यानें हविर्भागास तोंड लाविलें नसतां, त्याकडे पाहिलेंहि नसतां, राजाच्या भावांनीं त्यास मारिलें. तें रडत आईकडे गेलें. सरमेनें सभेंत येऊन विचारिलें कीं, माझ्या मुलाचा अपराध काय? कोणासहि उत्तर देतां आलें नाहीं. तेव्हां तिनें शाप दिला कीं, तुम्हांस न दिसणारें भय प्राप्त होईल. कुत्रा शिकविण्याच्या कामीं ह्याहून चांगला पहिला पाठ कोणत्याहि देशाच्या पुस्तकांत मिळणार नाहीं. अपराध नसतां, किंवा अपराध होऊन घटका दोन घटका गेल्यावर दिलेली शिक्षा कुत्र्यास कळत नाहीं. त्यास केवळ भय कळतें, आणि भ्यालेला कुत्राच पुढें चावतो. शाप खरा होतो तो असा.

लिहून न ठेवलेलें ज्ञान धनगरांपाशीं होतें व आहे. सोलापूर-धाराशिवच्या माळांवर लांडगा अजून आहे, आणि मेंढ्यांच्या कळपास राखण लागते. राखणीचा कुत्रा कळपांतच वाढला पाहिजे, हें जगांतील सगळ्याच मेंढपाळांस अनुभवानें कळलेलें आहे. डोळे उघडून पायांवर उभें राहिलेलें पिलूं मेंढ्यांच्या उबेंत वाढलें म्हणजे तें कळपालाच आपलें कुटुंब समजतें. अमेरिकेंतील स्कॉट व फुलर ह्या दोघां शास्त्रज्ञांनीं पिलांवर अनेक वर्षें प्रयोग करून १९६५ सालीं जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांत हेंच प्रमाणपूर्वक मांडलें आहे. तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बाराव्या आठवड्यापर्यंत पिलाचें मन उघडें असतें. त्या काळांत जें पाहिलें, हुंगलें, ऐकलें तें त्यास आपलें वाटतें, आणि जें भेटलें नाहीं त्याची पुढें धास्ती वाटते. आमच्या शहरांतील गृहस्थ मात्र पिलूं आणतात, त्यास तीन महिने सज्ज्यांत कोंडतात, आणि मग तें पाहुण्यांवर भुंकतें म्हणून कपाळास हात लावतात.

धावणाऱ्या कुत्र्यांची जातहि ह्याच मुलखाची. अंगानें सडपातळ, छातीनें खोल, पायांनीं लांब असे कारवानी कुत्रे, आणि कानाशेपटीवर लांब केंस असलेले पश्मी, हे मराठवाड्यांत व दक्षिण महाराष्ट्रांत शिकारी लोकांनीं पिढ्यान् पिढ्या सांभाळिले. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनीं, विशेषतः राजे मालोजीरावांनीं, त्यांची निपज काळजीपूर्वक केली आणि इंग्लंडच्या राजास एक जोडी नजर केल्यानें मुधोळचें नांव त्यांस चिकटलें. भारताच्या टपालखात्यानें २००५ सालीं काढलेल्या तिकिटांवर मुधोळचा कुत्रा आहे. ही कीर्ति पाहून सदनिकेंत राहणाऱ्या कोणी असा कुत्रा आणावयाचें मनांत घेतलें असेल, तर त्यानें प्रथम आपल्या पायांचा विचार करावा. ज्याचा जन्म ससा धरण्यासाठीं झाला त्यास दिवसांतून दोन वेळां जिन्यापर्यंत फिरविणें हा त्याचा छळ होय.

कुत्र्याच्या मराठी इतिहासांत दंतकथा पुष्कळ आहेत व त्या सर्वच सारख्या तोलाच्या नाहींत. रायगडावर शिवसमाधीजवळ वाघ्या नांवाच्या कुत्र्याचा जो पुतळा १९३६ सालीं उभारला गेला, त्याच्या कथेस समकालीन कागदाचा आधार नाहीं. २०११ सालीं तो पुतळा हलविला गेला आणि पुन्हां बसविला गेला, त्या वादानेंहि तो आधार उत्पन्न झाला नाहीं. शाहू छत्रपतींच्या कुत्र्याची गोष्ट त्यामानानें बळकट आहे. वाघाच्या शिकारींत त्यानें शाहूचा जीव वांचविला, म्हणून त्यास जहागीर व पालखीचा मान मिळाला, आणि एका प्रसंगीं शाहूनें त्यास जरीचीं वस्त्रें व जवाहीर घालून आपलें पागोटें त्याच्या डोक्यावर ठेविलें, असें ग्रँट डफनें १८२६ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या बखरींत नमूद केलें आहे. साताऱ्याजवळ संगम माहुलीस ह्या कुत्र्याची समाधि दाखवितात. लोक त्याचें नांव खंड्या सांगतात. खंडेरायाचें नांव पुन्हां कुत्र्यासच!

जहागीर मिळणारा कुत्रा एखादाच. बाकीच्यांचें काय झालें तें मुंबईच्या इतिहासांत पाहावें. सन १८३२ च्या जून महिन्यांत, मोकाट कुत्रे मारणाऱ्यास सरकारनें इनाम लावल्यामुळें, पारशी लोक चिडून उठले, इतरहि त्यांस मिळाले, आणि शहरांत मोठा दंगा झाला. दयेचें हें पहिलें रूप दगडफेकीचें होतें. पुढें त्याच पारशी समाजांतील दिनशा माणेकजी पेटिट ह्यांच्या औदार्यानें परळास प्राण्यांचें रुग्णालय निघालें, आणि १८८६ सालीं मुंबईस पशुवैद्यकाचें महाविद्यालय सुरू झालें. दंग्यापेक्षां ह्याचा कुत्र्यांस उपयोग अधिक झाला. मोकाट कुत्रे मारण्याऐवजीं त्यांची शस्त्रक्रिया करून, लस टोंचून, जेथून आणले तेथेंच सोडावें, असा नियम केंद्र सरकारनें २००१ सालीं केला व २०२३ सालीं नव्यानें मांडला. तो कागदावरून रस्त्यावर पुरतेपणीं अजून उतरलेला नाहीं.

ह्या सर्व प्रकरणामागें जी भीति आहे ती पिसाळण्याची. सुश्रुताच्या कल्पस्थानांत पिसाळलेल्या कुत्र्याचें व जलत्रासाचें वर्णन आहे. पाण्याची भीति वाटूं लागलेला रोगी वांचत नाहीं, हेंहि त्यानें सांगितलें आहे, आणि त्याच्या नंतरच्या दोन हजार वर्षांत तें विधान जवळजवळ तसेंच उभें आहे. फरक पडला तो रोग होण्यापूर्वीं. पाश्चरनें ६ जुलै १८८५ रोजीं एका मुलास पहिली लस टोंचली. १९०० सालीं कसौलीस हिंदुस्थानांतील पहिली पाश्चर संस्था निघाली. तेथेंच डेव्हिड सेंपल ह्यानें १९११ च्या सुमारास जी लस सिद्ध केली ती आपल्याकडे ह्या शतकाच्या आरंभापर्यंत चालू होती. पोटांतील चौदा सुयांची जी धास्ती आमच्या वडीलधाऱ्यांच्या बोलण्यांत येते ती हीच. आतां ती लस बंद झाली आहे. नवी लस दंडांत टोंचतात आणि तिच्या मात्रा थोड्याच असतात. म्हणून कुत्रा चावला असतां, किंवा नुसतें ओरबाडलें असतांहि, जखम वाहत्या पाण्याखालीं साबणानें पंधरा मिनिटें धुवावी आणि त्याच दिवशीं दवाखान्यांत जावें. चुना, तिखट, हळद भरूं नये. मांत्रिकाकडे जाऊन वेळ घालवूं नये. आपल्या कुत्र्यास तीन महिन्यांचा होतांच पहिली पिसाळप्रतिबंधक लस, आणि पुढें पशुवैद्य सांगतील त्याप्रमाणें दर वर्षीं, हें ज्यांस जमत नाहीं त्यांनीं कुत्रा पाळूं नये, असें आम्ही निक्षून म्हणूं.

बाकीची निगा कठीण नाहीं, परंतु ती रोजची आहे. पिलूं दोन महिन्यांचें होण्यापूर्वीं आईपासून तोडूं नये. सहासात आठवड्यांपासून डिस्टेंपर व पार्व्हो ह्या रोगांच्या लसी सुरू कराव्या. हे दोन रोग पिलांचा फार संहार करतात. लहानपणीं दिवसांतून तीनचार वेळां थोडें थोडें आणि वाढ झाल्यावर दोन वेळां, ठरलेल्या जागीं व ठरलेल्या वेळीं खावयास घालावें. नुसत्या दूधपोळीवर कुत्रा जगतो, पण वाढत नाहीं. भाकरीबरोबर अंडें, मांस, निदान पुरेसें प्रथिन हवेंच. शिजविलेलीं हाडें घालूं नयेत, त्यांचे कपचे आंतड्यांत रुततात. द्राक्षें, बेदाणे, चॉकलेट ह्या वस्तु मुलांनीं लाडानें देऊं नयेत. त्या विषासारख्या आहेत. मराठवाड्याचा उन्हाळा कुत्र्यास माणसापेक्षां जड जातो, कारण त्यास आपल्यासारखा घाम येत नाहीं. धापा टाकून तो अंग निववितो. चैत्र-वैशाखांत पहांटे आणि दिवस मावळल्यावर फिरवावें, डांबरी रस्त्यावर आधीं आपला तळहात टेकून पाहावा, आणि पाण्याचें भांडें कधीं रिकामें राहूं देऊं नये. कानांच्या मागें, बोटांच्या बेचक्यांत गोचीड हाताशीं लागतात कीं काय, हें रोज चांचपावें; गोचिडाच्या तापानें चांगले धडधाकट कुत्रे आठवड्यांत खंगून जातात.

शिकविण्याविषयीं लोकांच्या कल्पना विलक्षण आहेत. कोणी म्हणतात कुत्र्यास धाक हवा. कोणी त्यास मुलासारखा मानून व्याख्यान देतात. रशियांतील पाव्हलोव्ह ह्यांनीं दाखविलें तें एवढेंच कीं, दोन गोष्टी वारंवार लागोपाठ घडल्या म्हणजे कुत्र्याच्या मनांत त्यांची गांठ पडते. ही गांठ पाडणें हेंच शिकविणें. 'बस' म्हणतांना तुकडा त्याच्या नाकावरून मागें न्यावा. मान वर जाते, मागचा भाग आपोआप खालीं टेकतो. टेकला त्याच क्षणीं तुकडा द्यावा. पांच मिनिटें पुरे, दिवसांतून दोनतीन वेळां. घरांतील सर्वांनीं एका कामास एकच शब्द वापरावा. आजोबांनीं 'बैस', आईनें 'खालीं' आणि मुलानें 'सिट्' म्हणावयाचें ठरविलें, तर दोष कुत्र्याचा नव्हे. घाण करण्याचेंहि तसेंच: पिलूं झोपून उठलें कीं, खाऊन झालें कीं, खेळून थांबलें कीं त्यास बाहेर ठरलेल्या जागीं न्यावें आणि तेथें काम उरकलें म्हणजे वाखाणावें. घरांत झालेली घाण मुकाट्यानें पुसावी. नाक घाणींत घासणें हा जनमेजयाच्या भावांचा प्रकार होय. 'ये' म्हणून बोलावल्यावर आला, तर त्यास कधींहि रागावूं नये, मग त्यानें पूर्वीं कांहींहि केलेलें असो.

हें सौम्य शिक्षण दुबळें नसतें. मुंबई पोलिसांच्या बाँबशोधक पथकांतील 'झंजीर' हा लॅब्रॅडॉर पुण्याच्या शिवाजीनगर येथील केंद्रांत शिकला आणि १९९३ च्या स्फोटांच्या वेळीं व नंतर त्यानें हुंगून काढलेल्या आरडीएक्सचें वजन ३,३२९ किलो भरलें. १६ नोव्हेंबर २००० रोजीं तो परळच्या रुग्णालयांत वारला आणि पोलिसी इतमामानें त्यास मूठमाती देण्यांत आली. आतकूरच्या दगडानंतर सुमारें साडेदहाशें वर्षांनीं पुन्हां एका कुत्र्यास वीराचा मान मिळाला. मधल्या काळांतील असंख्य कुत्र्यांनीं आमचीं खळीं, कळप व वाडे राखिले, त्यांचीं नांवेंहि उरलीं नाहींत.

चंपाषष्ठीस मात्र त्या सर्वांची आठवण एकदम होते. चातुर्मासांत वर्ज्य केलेलीं वांगीं, कांदे, लसूण त्या दिवशीं पुष्कळ घरांत पुन्हां पानांत येतात. बाजरीचा रोडगा व वांग्याचें भरीत ह्यांचा नैवेद्य होतो, तळी भरली जाते, आणि येळकोटाच्या गजरानंतर देवाच्या कुत्र्याचा म्हणून एक वांटा काढून दारच्या कुत्र्यास घालतात. रीत उत्तम आहे व ती टिकावी. परंतु कांदा व लसूण ह्यांनीं कुत्र्याच्या रक्तांतील तांबड्या पेशी फुटतात, हें आतां निश्चित ठरलें आहे. तेव्हां भरितास फोडणी व कांदा घालण्यापूर्वींच भाजलेल्या वांग्याचा एक बिनतिखटाचा गोळा बाजूस काढून ठेवावा, त्यांत रोडगा कुसकरावा, आणि तो देवाच्या कुत्र्यास द्यावा. नैवेद्यांत त्यानें कांहीं उणें येत नाहीं.